कव्हरवर हिरो, पण पैसे वसूल करून देतात ते बाजूचे

आधीच सांगून टाकतो, पिक्चर क्वालिटी बघून घेणार असाल तर हा ५० जुन्या वेस्टर्नचा, म्हणजे काउबॉयपटांचा, डीव्हीडी संच घेऊ नका. प्रिंट टुकार आहेत, आवाजात खरखर आहे, डिस्क दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या आहेत त्यामुळे कुठली बाजू कुठली हे कळायला मधल्या गोलावरचं मुंगीएवढं लिखाण वाचत बसावं लागतं आणि उचलताना बोटांचे डाग पडतातच. तरीपण मी पाचातले साडेतीन स्टार देतोय, आणि ते साडेतीन कव्हरवरच्या कुणामुळे नाहीत. कव्हरवर तरणाबांड जॉन वेन आहे, जीन ऑट्री आणि रॉय रॉजर्स हे गाणारे काउबॉय आहेत, सगळे मस्त रंगवलेले, आत सिनेमे मात्र ब्लॅक अँड व्हाइट. असो, हिरो दाखवल्याशिवाय माल खपणार कसा. पण तीन-चार सिनेमे सलग बघा, हिरो काय बोलला ते आठवणार नाही, आणि तो बोळक्या तोंडाचा दाढीवाला म्हातारा, तो मिशीवाला जाडा गुंड, तो अर्ध्या वेळेला पहिल्या दहा मिनिटांतच मारला जाणारा हिरोइनचा बाप, ही मंडळी मात्र डोक्यातून जात नाहीत. मी हा रिव्ह्यू त्यांच्यासाठीच लिहितोय, कारण संच विकणाऱ्या कंपनीने त्यांचं नाव कुठेही छापलेलं नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३०च्या दशकात अमेरिकेत मंदी होती, थिएटरवाले एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायला लागले, आणि त्यातला दुसरा स्वस्तातला सिनेमा पुरवायला छोट्या छोट्या कंपन्या होत्याच, मोनोग्राम, मॅस्कॉट, पुढे पीआरसी. हॉलिवूडमध्ये या सगळ्यांना मिळून पॉव्हर्टी रो (गरिबांची गल्ली) म्हणायचे, म्हणजे परिस्थिती काय असेल ते कळलंच. १९३५ मध्ये हर्बर्ट येट्स नावाच्या फिल्म लॅबच्या मालकाने यातल्या बऱ्याच कंपन्या एकत्र करून रिपब्लिक काढली आणि मग जरा शिस्त आली. सिनेमा असायचा तासाभराचा किंवा त्याहून कमी, शूटिंग आठवड्याभरात उरकायचं, लोकेशन लॉस एंजेलिसच्या आसपासच, चॅट्सवर्थचं आयव्हर्सन रँच (रँच म्हणजे गुरांचा मळा), न्यूहॉलकडचा भाग, पैसे असतील तर लोन पाइनचे डोंगर. एकदा ते आयव्हर्सनचे खडक ओळखायला आलात की संपलं, टेक्सास असो की अ‍ॅरिझोना, खडक तोच. गोष्टही तीच, कुणाच्या तरी जमिनीखाली सोनं किंवा पाणी किंवा रेल्वेचा मार्ग, सावकाराचा नाहीतर सलूनवाल्याचा (सलून म्हणजे दारूचा गुत्ता) त्यावर डोळा, बाप मेला, मुलगी एकटी, बाहेरून हिरो आला. गोष्टीत जीव नाही म्हटल्यावर लक्ष जातं चेहऱ्यांकडे, आणि चेहरे तेच तेच. एखाद्या फिरत्या नाटक कंपनीसारखं, काल जो राजा होता तो आज भालदार, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

संचातला सगळ्यात चांगला भाग म्हणजे लोन स्टार कंपनीचे सिनेमे. १९३३ ते १९३५ मध्ये निर्माता पॉल माल्व्हर्नने जॉन वेनला घेऊन असे १६ काढले, मोनोग्रामने वितरित केले, आणि त्यातले बरेचसे यात आहेत. वेन तेव्हा पंचविशी पार केलेला होता, दिसायला देखणा पण डायलॉग म्हणजे धडा वाचल्यासारखा. आता यातला रँडी राइड्स अलोन, १९३४चा, हा लावा. सुरुवातच अशी आहे की वेन सलूनमध्ये शिरतो, पियानो आपोआप वाजतोय आणि जमिनीवर प्रेतं पडलेली, कुणी बोलायला नाही, भिंतीवरच्या चित्रातून दोन जिवंत डोळे त्याच्याकडे बघतायत. इतक्या फालतू बजेटमध्ये इतकी भारी सुरुवात! मग शेरीफ येतो आणि त्याच्याबरोबर एक वाकलेला मुका माणूस, मॅट, जो कागदावर लिहूनच बोलतो. पुढचं वाक्य रहस्य फोडणारं आहे पण सिनेमा नव्वद वर्षांचा झालाय त्यामुळे माफी नाही. हा मुका मॅट धबधब्यामागच्या अड्ड्यावर गेला की पाठ सरळ करतो, आवाज फुटतो, आणि तोच टोळीचा म्होरक्या निघतो. तो बदल बघा, एकाच शॉटमध्ये खांदे मागे जातात, मान वर येते, वय वीस वर्षांनी उतरतं, आणि हे सगळं करणारा माणूस आहे जॉर्ज हेज. हो तोच, गॅबी हेज, पुढे ज्याला सगळी अमेरिका दात नसलेला बडबड्या म्हातारा म्हणून ओळखायची तो.

हेजबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तोच या संचाचा खरा हिरो आहे. जन्म १८८५, न्यूयॉर्क राज्यातला, म्हणजे काउबॉय बिउबॉय काही नाही, पूर्वेकडचा माणूस, व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाचगाणी-विनोदाच्या कार्यक्रमांच्या, स्टेजवर आयुष्य गेलेलं. १९२९च्या शेअर बाजाराच्या पडझडीत पैसे बुडाले म्हणून म्हातारपणाकडे झुकत असताना सिनेमात आला. घोड्यावर बसायला शिकला तेही या धंद्यात आल्यावर. खऱ्या आयुष्यात एकदम टापटीप, वाचणारा, चांगले कपडे घालणारा, आणि वेस्टर्न सिनेमे त्याला फारसे आवडायचे नाहीत म्हणे. दाढी वाढवायची, कवळी काढून ठेवायची, टोपीची कड पुढून वर करायची, की झाला गॅबी तयार. लोन स्टारच्या काळात त्याचा साचा अजून ठरलेला नव्हता त्यामुळे तो कधी हिरोइनचा बाप, कधी शेरीफ, कधी पक्का हरामखोर, आणि प्रत्येक वेळी चालतो. द लकी टेक्सनमध्ये तर हिरोचा म्हातारा पार्टनर आहे, वेनशी त्याची जी थट्टामस्करी चालते त्यात पुढच्या गॅबीचं बी दिसतं. मग १९३५ पासून हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉय हिरोच्या सिनेमांत विंडी हॅलिडे हे पात्र गाजलं, १९३९ मध्ये पगारावरून निर्मात्याशी बिनसलं, विंडी हे नाव निर्मात्याच्या मालकीचं, म्हणून रिपब्लिकमध्ये गेल्यावर तोच माणूस त्याच दाढीसकट गॅबी झाला. संचात रॉय रॉजर्सबरोबरचे गॅबीचे काही सिनेमे आहेत आणि ते बघताना एक गंमत कळते, हेज नुसता विनोद करत नाही, तो हिरोला मोठं करतो. रॉजर्स काहीतरी साधं करतो, आणि कॅमेरा गॅबीवर जातो, तो दाढी हलवत खेकसतो, यर डर्न टुटिन (अगदी बरोबर!), की आपल्यालाही वाटतं हिरोने काहीतरी पराक्रम केला. अ‍ॅक्टिंग कमी आणि दुसऱ्याला सांभाळून घेणं जास्त, आणि ते करताना स्वतः भाव खाऊन जाणं.

हेजच्या बाजूलाच याकिमा कॅनट. हा नाव माहीत नसलेला पण सगळ्यांनी पाहिलेला माणूस. जन्म १८९५, वॉशिंग्टन राज्यातला, रोडिओचा (काउबॉयांच्या घोडे-बैलांवरच्या कसरतींच्या स्पर्धांचा) चॅम्पियन, मूकपटांत छोटा हिरोही होता, पण फ्लूने आवाजाची वाट लागली आणि बोलपट आले, म्हणून मग गुंडाचे रोल आणि स्टंट. लोन स्टारच्या सिनेमांत तो वेनचे स्टंटही करतो आणि वेन ज्याचा पाठलाग करतो तो गुंडही तोच, म्हणजे बरेचदा लांबच्या शॉटमध्ये कॅनट कॅनटच्याच मागे धावतोय! एकदा हे कळलं की पाठलागाचे सीन बघायची मजा दुप्पट होते, घोड्यावरून दुसऱ्या घोड्यावर उडी मारणारा माणूस वेनपेक्षा जरा बुटका, खांद्याने रुंद, आणि लगेच पुढच्या कटमध्ये वेन धूळ झटकतोय. पडद्यावरची मारामारी ठोसा न लागता लागल्यासारखी दिसावी म्हणून कॅमेऱ्याचा कोन धरून मारायची जी पद्धत आहे ती बसवण्याचं श्रेयही वेन, कॅनट आणि दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यांना मिळून दिलं जातं, आणि या सिनेमांत ती पद्धत शिकाऊ अवस्थेत दिसते, काही ठोसे हातभर लांबून जातात. पुढे याच कॅनटने १९३९च्या स्टेजकोचमध्ये धावत्या घोड्यांमध्ये पडून गाडीखालून जायचा तो प्रसिद्ध स्टंट केला, १९५९च्या बेन हरमधली रथांची शर्यत उभी केली आणि १९६६ सालासाठीचं मानद ऑस्करही मिळवलं. इथे मात्र तो मळका शर्ट घालून दारात उभा आहे आणि "बॉस, तो आलाय" एवढंच म्हणतोय.

याच गोतावळ्यात अर्ल ड्वायर म्हणून एक सुकलेल्या चेहऱ्याचा माणूस आहे, या सिनेमात शेरीफ, पुढच्यात चोर. त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी तो काहीतरी लपवतोय असं वाटतं, शेरीफ असला तरी.

आता गुंड. या धंद्यात दोन प्रकारचे व्हिलन मानायचे, ब्रेन हेवी आणि डॉग हेवी. ब्रेन हेवी म्हणजे सूट घातलेला, बँकेत नाहीतर सलूनच्या मागच्या खोलीत बसून कट करणारा. डॉग हेवी म्हणजे त्याचा माणूस, जो प्रत्यक्ष गोळ्या घालतो, म्हाताऱ्यांना ढकलतो आणि शेवटच्या आधी हिरोचा मार खातो. डॉग हेवीत चार्ल्स किंगला तोड नाही. टेक्सासचा, गोल पोट, जाड मिशी, दाढीचे खुंट, आणि मारामारीत पडायची कला अशी की जाडा माणूस इतक्या सफाईने टेबल मोडून कसा पडतो याचं कौतुक करत बसतो आपण. टेक्स रिटर या गाणाऱ्या काउबॉय हिरोच्या सिनेमांत त्याचा आणि रिटरचा सामना ठरलेलाच. एका सिनेमात काय, सगळ्यातच, किंग आधी छाती काढून येतो, एक भुवई वर, बोट हिरोच्या छातीवर टोचतो, आणि मार पडला की चेहऱ्यावर खरोखर दुखावल्याचा भाव येतो, म्हणजे अंगाला नाही, मनाला लागल्यासारखा. एवढा बारकावा त्या बजेटमध्ये कुणी मागितला नव्हता, आणि पैसेही त्याचे मिळाले नसणार. दुसरा रॉय बारक्रॉफ्ट, हा रिपब्लिकचा घरचा व्हिलन, १९४३ मध्ये त्यांनी त्याला दहा वर्षांच्या कराराने बांधून ठेवला होता. धिप्पाड, भारदस्त आवाज, बॉसही शोभायचा आणि बॉसचा गुंडही. किंग पाहिला की हसू येतं, बारक्रॉफ्ट पाहिला की जरा भीती वाटते, आणि सगळे सांगतात की प्रत्यक्षात अतिशय गोड माणूस होता. संचात त्याचे सिनेमे थोडेच आहेत, रिपब्लिकचा नंतरचा माल फुकटात मिळत नाही ना.

हे फुकटाचं प्रकरण असं आहे की अमेरिकेच्या जुन्या कायद्यात २८ वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागायचं, या छोट्या कंपन्या तोपर्यंत बुडालेल्या किंवा विसरलेल्या, त्यामुळे शेकडो सिनेमे सार्वजनिक मालकीचे झाले आणि कुणीही उठतो आणि संच काढतो.

पीआरसीचे सिनेमे सगळ्यात गरीब. भिंती हलतात. दिग्दर्शक सॅम न्यूफील्ड इतके सिनेमे काढायचा की पीटर स्टुअर्ट आणि शर्मन स्कॉट अशी टोपणनावंसुद्धा वापरायचा, नाहीतर एकच नाव बघून लोक कंटाळले असते. बस्टर क्रॅब हिरो, १९३२च्या ऑलिंपिकचा पोहण्यातला सुवर्णपदकवाला, बिली द किड नावाने आणि मग बिली कार्सन नावाने. पण बघायचं ते अल सेंट जॉनला, फझी क्यू. जोन्स. हा विनोदी नट रॉस्को आर्बकलचा भाचा, मूकपटांच्या काळात आर्बकल आणि बस्टर कीटनबरोबर काम केलेला, सायकलवरच्या कसरतींसाठी प्रसिद्ध. त्याचं सगळं शरीर विनोद करतं. पीआरसीवाल्यांकडे स्क्रिप्ट नसायची त्यामुळे मधेच दोन-तीन मिनिटं ते याला मोकळं सोडतात, फझी एकटा खोलीत, एक खुर्ची, एक दोरी, आणि तो त्यात जे काय करतो, दोरी पायात, पाय खुर्चीत, खुर्ची गळ्यात, शेवटी सगळं सुटून तो तिथेच बसलेला जिथे आधी होता, आणि टोपी तेवढी उलटी. कथेचा काही संबंध नाही. एक डायलॉग नाही. मूकपट संपून पंधरा वर्षं झाली तरी हा माणूस स्वस्तातल्या वेस्टर्नमध्ये लपून मूकपट करत होता! १९६३ मध्ये गेला तोपर्यंत रोड शोमध्ये फिरतच होता. मला विचाराल तर गॅबीपेक्षा फझी मोठा नट, पण गॅबीला चांगले सिनेमे मिळाले आणि याला न्यूफील्ड. ज्यांना पटत नाही त्यांनी भांडावं.

स्मायली बर्नेट मला झेपत नाही. ऑट्रीचा साइडकिक, म्हणजे हिरोचा विनोदी जोडीदार, फ्रॉग मिलहाउस, बेडकासारखा आवाज काढायचा, ढीगभर वाद्यं वाजवायचा, शेकडो गाणी लिहिली, गुणी माणूस यात वाद नाही, पण पाचव्या मिनिटाला पुरे होतं. पोरांना आवडायचा, पोरांसाठीच होता.

बिननावाच्या मंडळींसाठी खरं तर वेगळा रिव्ह्यू लागेल. लेफ मॅकी, पांढऱ्या केसांचा प्रेमळ म्हातारा, हिरोइनचा बाप म्हणून जन्मला असावा. बड ऑस्बोर्न, चार घोड्यांची गाडी हाकायची असेल तर हाच, लगाम धरायची पद्धत बघूनच कळतं की हे शिकवलेलं नाही, अंगात आहे. हँक बेल, ज्याची मिशी त्याच्याआधी फ्रेममध्ये येते. कर्मिट मेनार्ड, काउबॉय हिरो केन मेनार्डचा भाऊ, १९३०च्या दशकात स्वतः हिरो होता आणि १९४०च्या दशकात तिसऱ्या ओळीतला गुंड, तरी घोड्यावर बसला की हिरोपेक्षा रुबाबदार. यातले कितीतरी खरोखरचे गुराखी, रँचवरची कामं आटली म्हणून हॉलिवूडला आले, सनसेट आणि गोवर रस्त्यांच्या कोपऱ्यावर बूट-टोपी घालून कामाची वाट बघत उभे राहायचे, त्या कोपऱ्याला गोवर गल्च नाव पडलं होतं. त्या काळी श्रेयनामावलीत आठ-दहा नावं येणार आणि उरलेले सगळे बेनाम, त्यामुळे हे कोण ते शोधायला तुम्हालाच इंटरनेटवर खोदकाम करावं लागतं. आणि इथेच माझा राग आहे. ५० सिनेमांच्या संचाबरोबर एक आठ पानी पुस्तिका द्यायला काय जातं? हिरोंची नावं छापली, त्यातही स्पेलिंग चुकलं, आणि एका सिनेमात तर शेवटची नावांची पाटीच कापून टाकली आहे.

एक सुखद धक्का म्हणजे संचात १९३९चा हार्लेम राइड्स द रेंज आहे. हर्ब जेफ्रीज हिरो, सगळेच कलाकार कृष्णवर्णीय, वेगळ्या थिएटरांत बसावं लागणाऱ्या प्रेक्षकांसाठी काढलेला. या मालिकेचं शूटिंग व्हिक्टरव्हिलजवळच्या मरे रँचवर व्हायचं, ते रँचही कृष्णवर्णीय मालकाचं. यातला बघण्यासारखा माणूस स्पेन्सर विल्यम्स, नट आणि या सिनेमाचा सहलेखकही, पुढे स्वतः दिग्दर्शक झाला. गोऱ्यांच्या वेस्टर्नमध्ये त्याच काळात फ्रेड टून्ससारख्या माणसाला स्नोफ्लेक नावाखाली घाबरट नोकर करून ठेवलेलं, डोळे फिरव आणि पळ, बघवत नाही. इथे ल्युशियस ब्रुक्सही विनोदीच आहे, पण तो मित्र आहे, हिरोच्या बरोबरीने बसतो. प्रिंट इतकी खराब आहे की रात्रीच्या सीनमध्ये कुणाचे चेहरेच दिसत नाहीत, आणि ज्या सिनेमात चेहरे दिसणं सगळ्यात महत्त्वाचं त्याचीच ही हालत.

बाकी तक्रारी पटकन. लोन स्टारच्या काही सिनेमांवर कुणीतरी नंतर सिंथेसायझरचं म्युझिक चिकटवलंय, मूळ सिनेमांत म्युझिक जवळजवळ नव्हतंच, नुसत्या टापा आणि वारा, ती शांतता छान वाटायची, आता घोडा दौडला की १९८०च्या दशकातला कीबोर्ड. काही प्रिंट टीव्हीसाठी कापलेल्या आहेत, आणि कापताना आधी कोण जातं? साइडकिक. हिरोचा एक शॉट जात नाही आणि म्हाताऱ्याचा अख्खा विनोदी सीन गायब, मग पुढे तो ओल्या कपड्यांत का आहे कळतच नाही. आणि एक इशारा, घोडे पडण्याचे सीन खरे आहेत, पायाला तार बांधून पाडायचे त्यांना, रनिंग डब्ल्यू म्हणायचे त्या प्रकाराला. १९३९च्या एका मोठ्या सिनेमात घोडा मेल्यावर ओरड झाली आणि मग अमेरिकन ह्युमेन या प्राणी-संरक्षण संस्थेची देखरेख आली, या संचातले बरेच सिनेमे त्याआधीचे आहेत. मी ते सीन पुढे ढकलतो.

तर घ्यावा का? वेनचे चाहते असाल तर लोन स्टारचे सिनेमे वेगळे, बऱ्या प्रिंटमध्ये शोधा, मिळतात. पण चेहरे बघायची खोड असेल तर घ्या, एवढे चेहरे एका डब्यात दुसरीकडे मिळणार नाहीत. पहिल्या डिस्कपासून क्रमाने बघू नका, सुरुवातीचे दोन सगळ्यात रटाळ आहेत. आधी रँडी राइड्स अलोन, मग कुठलाही फझीचा, मग टेक्स रिटर विरुद्ध चार्ल्स किंग. आणि डिस्क मिळाल्या मिळाल्या सगळ्या बाजू लावून तपासा, माझ्यातली एक अडकत होती, बदलून मिळाली पण पाठपुरावा करावा लागला.